मशीन जमा करा

२०१० साली आलेल्या एका पत्राला शिवशंकरप्पा मास्तरांनी दोन वर्षं उत्तर दिलं नव्हतं. पत्र त्यांच्या मुलाच्या, अरुणकुमारच्या नावाचं होतं. त्याने पहिल्या पगारातून घेतलेलं व्हिडिओ गेमचं मशीन खोलून आत फेरफार केले, हे कंपनीला इंटरनेटवरून कळलं होतं. 'मशीन तुम्ही विकत घेतलंत, पण आतले खेळ आमचेच आहेत. ते खोलायचा हक्क तुम्हाला नव्हता. मशीन जमा करा.' हे पत्र करजगीला, त्यांच्या गावी पोचलं, त्याच्या महिनाभर आधीच अरुण अपघातात गेला होता.

"देऊन टाका की हो ते एकदाचं," काल मास्तरांची बायको पार्वतम्मा म्हणाली. "रोज दिवेलागणीला त्याच्या खोलीतनं बटणं वाजायलेत. तुम्हाला ऐकू येत न्हाई व्हय?"

"येतंय," मास्तर हळूच म्हणाले.

"मग दडवायलाव कामून?"

आज त्यांनी अफजलपूरला जाऊन उत्तर टपालात टाकलं.



'महोदय, मशीन घरात नाही. आम्हा लिंगायतांत मेलेल्या माणसाला बसवून पुरतात. कुणाच्या नकळत मी ते मालकाच्या मांडीवर ठेवलं आहे.'