मोठा का धाकला

"बोल ना चारू, मोठा का धाकला?" नानांनी, तिच्या वडिलांनी, पुन्हा विचारलं आणि चारुशीलाच्या डोक्यातल्या गोंधळाने आणखी एक गिरकी घेतली.

धुळ्याच्या रतिलालशेठच्या दुकानात दोन कॉम्प्युटर शेजारी शेजारी मांडले होते. डावीकडचा मोठा. पडदा एवढा रुंद, की त्यात चारूचं तोंड दिसत होतं आणि मागचा अख्खा रस्ताही. मुंबईच्या कुठल्याशा ऑफिसने काढून टाकलेला, शेठनी दुरुस्त करून, पुसून चकचकीत केलेला. उजवीकडचा लहान. कोरा करकरीत, अजून प्लास्टिकही निघालेलं नाही. पडदा एवढासा, पण आतलं सगळं नवं. किंमत दोन्हींची जवळपास सारखीच. तिथेच तर घोळ होता!

"मोठा पडदा बघा. डोळ्यांना ताण नाही," शेठ म्हणाले. चारूने ठरवलं, मोठाच. "पण लहान फास्ट आहे हं ताई. पुढची काही वर्षं बघायला नको." बरं, मग लहान. "मोठ्याचा डबा मात्र एकदम दणकट. आता असा माल येत नाही." बाई गं! शेठना नक्की विकायचा तरी कोणता होता?

पारोळ्याहून येताना एस.टी.त हीच चारू नानांना रॅम म्हणजे काय ते मोठ्या ऐटीत समजावून सांगत होती. सुट्टीतल्या क्लासला तिचा पहिला नंबर आला होता. शाळेच्या गॅदरिंगला माईकसमोर बोलली तेव्हापासून तर ती कोणाला घाबरतच नव्हती. म्हणून नाना म्हणाले होते, "पसंती तुझी. तुलाच शिकायचं आहे." आणि आता ती नुसती या डब्याकडून त्या डब्याकडे बघत होती.

"ठेवणार कुठे, लोटनभाऊ?" शेठनी नानांना विचारलं.

"मोठा घेतला तर बैठकीत! टी.व्ही.च्या शेजारी. चार लोकांनी बघितला पाहिजे." नाना खुर्चीत ऐसपैस बसले होते. "त्याला टेबलही मोठं लागेल, ते बैठकीशिवाय मावायचं नाही. लहान काय, कुठंही बसेल."

चारूचा चेहरा उतरला. बैठक! नानांकडे दिवसभर माणसांची ये-जा. कोणी सोसायटीचं, कोणी बाजार समितीचं, कोणी नुसतंच चहाला. बाहेर चपला वाजल्या की चारूने उठायचं आणि आत जायचं. सांगावंही लागत नसे, पाय आपोआप उठत. टी.व्ही. आला तेव्हाही तेच झालं. दाराआडून पडद्याची डावी बाजू तेवढी दिसायची. रविवारच्या सिनेमात हिरो उजवीकडे गेला, की तो परत येईपर्यंत तिने ताटकळायचं. कॉम्प्युटरही तिथेच गेला तर ती शिकणार कधी? रात्री, पाहुणे घोरायला लागल्यावर? पण पडदा तर मोठ्याचाच छान होता. पण नवा तर लहान होता. पण...

तेवढ्यात दाराजवळून आई तिच्या कानाशी आली. चारचौघांत ती कधी बोलत नसे. आत्ताही ती कुजबुजलीच.

"धाकला ले, चारू. मझारना खोलीमा ठेवसूत. तठे तुले कोन उठाडी?"

अय्या! एवढं सोपं होतं? आतल्या खोलीत, गोधड्यांची चळत आणि धान्याची कोठी यांच्या मधे. आईने दोन हातांनी जागेचं मापही दाखवलं. तिने घरूनच हिशेब करून ठेवला असणार. बाहेर पाहुण्यांना काय बसायचं ते बसू दे, आत चारू खुशाल. तिला कोण उठवायला येणार तिथे? चारूला तर आईला तिथल्या तिथे मिठी मारावीशी वाटली.

ती शेठकडे वळली. 'लहान' हा शब्द अगदी ओठांवर आला होता. तो बोलायच्या आधी तिने सहज मागे बघितलं.

आई पुन्हा दाराजवळ जाऊन उभी राहिली होती. डोक्यावरचा पदर सावरत, अर्धी सावलीत आणि अर्धी रस्त्यावरच्या उन्हात. नानांच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. तिच्या पलीकडचीही रिकामी. दुकानात आल्यापासून आई तशीच उभी होती. तिला कोणी उठवलं नव्हतं. ती बसलीच नव्हती.

"मोठा," चारू म्हणाली. आवाज जरा जास्तच मोठा निघाला. आई चमकून बघायला लागली.

नाना मात्र फुलले. "बघा शेठ! बैठकीची शोभा कळते माझ्या पोरीला." मग एकदम त्यांच्या काहीतरी ध्यानात आलं. त्यांनी कपाळाला आठी घातली. "पण बेटा, तिथं तर सारखी माणसं असतात. पाहुणे आले म्हणजे मग कसं करशील?"

"कसं म्हणजे काय, नाना? त्यांना म्हणायचं, जरा सरकून बसा."