जामीनदार

“महिन्याला हजार रुपये. एवढं तर जमेल ना, काका?” हिमानीनं विचारलं.

नत्थूजी बोबडे टेबलापलीकडे टोपी मांडीवर ठेवून बसले होते. हा तिसरा करार. आधी चार हजारांचा हप्ता ठरला होता, मग अडीच हजारांचा. दोन्ही वेळा त्यांनी मुकाट मान डोलावली होती.

“जमन जी,” म्हणत त्यांनी सही केली. मग दरवेळेसारखंच विचारलं, “तुमचे वसुलीवाले पोरं एवढ्यात कुठं कुठं जाऊन आले?”

हिमानीनं फाइल मिटली. “ते नाही सांगता येत, काका.”

सदर भागातल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसात बँकांची थकलेली कर्जं वसूल करायचं काम चाले. हिमानी तिथं सहा वर्षं होती. नत्थूजींच्या मुलानं, अपूर्वनं, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानासाठी कर्ज घेतलं होतं. दुकान चाललं नाही. एका सकाळी तो दुकानाला कुलूप लावून गेला, तो गेलाच. फोन बंद. कागदावर जामीनदार म्हणून बापाची सही होती. बाप कॉलेजच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेला शिपाई.

“मुलगा कुठं आहे?” हिमानीनं पहिल्याच भेटीत विचारलं होतं.

“मले मालूम नाही जी.”

हे वाक्य तिनं इतक्या आईबापांच्या तोंडून ऐकलं होतं, की ते लिहूनही घेतलं नाही.

दारोदार फिरून वसुली करणाऱ्या रोहितचा तर नत्थूजींवर काडीचा विश्वास नव्हता. “लय चालू म्हातारा आहे, मॅडम. पेन्शन येते त्याची. पोराले कुठंतरी लपवून ठेवलं अन् आपल्याले फिरवून राहिला. आधी म्हणे, बेसा गावात दोस्ताच्या रूमवर पाहा. मग म्हणे, रायपूरले त्याचा एक पार्टनर होता. दोन्हीकडं जाऊन आलो. कोणीच नाही.”

रोहितला खोटं ठरवावं असं काही घडतही नव्हतं. पहिल्या कराराचे तीन हप्ते अगदी तारखेला आले. पैसे येताहेत म्हटल्यावर फाइल मागं पडली, रोहितच्या चकरा थांबल्या. आणि चौथ्या महिन्यात हप्ता चुकला. रोहित पुन्हा दारात. दुसऱ्या करारातही तेच.

या वेळी हजार रुपयेसुद्धा आले नाहीत, तेव्हा हिमानी स्वतःच प्रताप नगरला त्यांच्या घरी गेली.

दार नत्थूजींच्या बायकोनं उघडलं. पुष्पलताबाईंचा डावा हात पक्षाघातानं लुळा पडलेला. हिमानीला शिव्यांची सवय होती, रडारडीची होती, आतून कडी लावून गप्प बसलेल्या घरांचीही होती.

“कंपनीतून आल्या का? या, बसा.”

नको नको म्हणेपर्यंत बाईंनी एका हातानं पोहे केले. “रोहित नाही आला? उन्हातान्हात फिरते बिचारा. त्याले आवडते माह्या हातचे.” मग त्या जवळ सरकल्या आणि हळूच म्हणाल्या, “रायपूरच्या पुढं नाही गेले का जी तुमचे पोरं?”

हिमानीनं चमचा बशीत ठेवला. ती दहावीत असताना तिच्या वडिलांच्या दारातही वसुलीची अशीच माणसं यायची, आणि आई लगबगीनं त्यांना चहा द्यायची. भीती माणसाला किती आदबशीर बनवते, हे तिला ठाऊक होतं. समोर पोह्यांची बशी होती, आणि ती बशी तिला आईच्या कपासारखीच वाटली.

त्याच आठवड्यात तिनं बँकेला पत्र लिहिलं. जामीनदार म्हातारा, बायको आजारी, वसुलीची आशा नाही, उरलेली रक्कम माफ करावी. बँकेनं नकार दिला. तिनं पुन्हा लिहिलं. पुन्हा नकार. तिसऱ्यांदा ती रजा टाकून स्वतः बँकेत जाऊन बसली. रोहित हसला, “तुमचा कोण लागते तो म्हातारा?”

मार्चमध्ये मंजुरी आली. ही गोष्ट फोनवर सांगायची नाही, असं तिनं ठरवलं. नत्थूजींना दुपारी ऑफिसात बोलावलं. ते तासभर आधीच येऊन जिन्यात उभे होते.

“बसा काका. चांगली बातमी आहे.”

नत्थूजी खुर्चीच्या अगदी काठावर आले. त्यांचा चेहरा असा उजळला की क्षणभर ते दहा वर्षांनी लहान दिसले. “बोला,” ते म्हणाले.

हिमानीनं पत्र त्यांच्यापुढं सरकवलं. “बँकेनं सगळं माफ केलं. खातं बंद झालं. तुम्ही मोकळे, अपूर्वही मोकळा.”

नत्थूजी बराच वेळ पत्राकडं बघत राहिले. वाचत होते की नाही, कळेना.

“म्हणजे आता रोहित नाही येणार?”

“कोणीच नाही येणार.”

“अन् बाहेरगावी? रायपूरकडं? भिलाईले राहिलं होतं पाहाचं.”

“कुठंच नाही जाणार, काका. शोधणं आजपासून बंद. आता भ्यायचं काही कारण नाही.”

नत्थूजींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. हिमानीनं पाण्याचा ग्लास पुढं केला. या टेबलावर सुखाचे अश्रू तिनं पहिल्यांदाच पाहिले होते.

त्यांनी ग्लासला हात लावला नाही.

“बाई,” ते म्हणाले, “पोलिसांनं दोन सालाआधीच हात वर केले. तुमचेच पोरं तेवढे पाहून राहिले होते. आता माह्या पोराले कोण शोधीन?”