आत्याबाईंची पाठ

"वन्सं, हात जोडते, खोलीबाहेर व्हा!" हसू आवरत, पोट हाताने दाबून धरत कावेरी कळवळली. सिझेरियनची जखम चिघळली होती. हसलं की टाके ठणकत, आणि नणंदबाईंनी तोंड उघडलं की हसू ठरलेलंच. शेवटी डॉक्टरीणबाईंनीच बजावलं, "जखम भरेपर्यंत यांचे विनोद बंद!"

बाराव्या दिवसाचं बारसंही लांबणीवर पडलं. रोज ड्रेसिंगला नणंदबाई सोबत येत, पण रिक्षात ओठ घट्ट मिटून बसत. कावेरीला ते ठणक्याहून जड जाई. जखम भरली, तरी टाके उसवायची धास्ती जाईना. हात पोटावरून हटेना.

दीड महिन्याने पाळणा सजला. नणंदबाईंनी बाळाच्या कानात "कुर्रर्र" करून नाव सांगितलं आणि रीतीप्रमाणे बायका आत्याच्या पाठीत धपाटे घालायला सरसावल्या. त्यातला एक असा सणसणीत बसला, की त्या ओरडल्याच, "अगं आई गं! कोण ही?"

मागे कावेरी खदखदून हसत होती. हसता हसता तिच्याच लक्षात आलं, हात पोटावर नाही.

नणंदबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं आणि वाकून पुन्हा पाठ पुढे केली.

"घाल, आणखी एक घाल!"