सातच्या ठोक्याला

शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं, आणि सकाळचे आठ वाजले तरी तो दाढीला साबण लावून आरशासमोर नुसताच उभा होता.

बायकोने दारातून विचारलं, आज तरी काय ते ठरणार आहे का. तो म्हणाला, ठरेल. गेले दोन महिने तो हेच म्हणत होता. घर तिच्या एकटीच्या पगारावर चाललं होतं. तिने त्यावरून एकदाही तोंड उघडलं नव्हतं, आणि त्याला तेच जास्त लागत होतं.

मोठ्या कंपनीच्या वित्त विभागातली नोकरी त्याने वर्षापूर्वी आपणहून सोडली होती. आता जुने साहेब त्याहून वरची खुर्ची देत होते. दुसऱ्या पारड्यात त्याची स्वतःची कंपनी होती. म्हणजे तो, एक भागीदार, एक भाड्याची खोली आणि एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी बनवलेलं एक यंत्र. यंत्राला एकच बटण. सकाळी उठलं की दाबायचं. मुलाच्या फोनवर हिरवा ठिपका उमटतो, की सगळं ठीक आहे. नऊपर्यंत बटण दाबलं नाही, तर मुलाच्या फोनवर घंटा वाजते आणि तो बघेपर्यंत वाजतच राहते. कल्पना चांगली होती. ग्राहक मात्र अडतीस होते, आणि अडतिसांवर कंपनी चालत नाही हे वित्त विभागातल्या माणसाला कुणी शिकवायला नको.

पहिलं यंत्र त्याने आईलाच नेऊन दिलं होतं. ती दुसऱ्या गावी एकटी राहायची. "म्हणजे उंटावरून शेळ्या हाकायची सोय केलीस," ती म्हणाली होती. पण टोमणा मारून झाल्यावर तिने बटण नीट समजून घेतलं, आणि सुरुवातीचे थोडे दिवस सोडले तर तिचा ठिपका रोज सातच्या ठोक्याला यायचा. याच सोमवारी यंत्रणा अडकली, दहा वाजले तरी लोकांचे ठिपके येईनात, घंटांनी घरोघरी गोंधळ उडाला. त्या दिवशीसुद्धा आईचा ठिपका सातला हजर होता. त्याला तिचं फार कौतुक वाटलं. तिला ते सांगता मात्र आलं नाही, कारण दोघांचं बोलणं बंद होतं.

दोन आठवड्यांपूर्वी आईने फोनवर एवढंच विचारलं होतं, नोकरी घेतोयस ना. तो नको ते बोलून गेला. तुला माझ्यावर कधी विश्वासच नव्हता, वगैरे. तिने फोन ठेवला. दोघं एका माळेचे मणी, आधी वाकायचं कुणी?

"रविवारी मी आईंना फोन केला होता," बायको म्हणाली. "कालही केला. उचलत नाहीत. तू एकदा जाऊन येतोस का?"

त्याने साबणाच्या हातानेच फोन तिच्यापुढे धरला. "हे बघ, आज सातला दाबलंय. रुसलीय ती. माझ्यावरचा राग तुझ्यावर काढतेय."

बायकोने ठिपका पाहिला आणि तिला हायसं वाटलं. ती कामावर गेली.

तीन वाजता तो साहेबांसमोर बसला, तेव्हा नोकरी घ्यायचीच असं ठरवून बसला होता. बायकोचे ओढलेले डोळे त्याला दिसत होते. साहेबांनी कागद पुढे सरकवला, पेनही दिलं. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागण्यात शहाणपणा नाही, असं त्यांनी प्रेमानेच सांगितलं. मग सहज विचारलं, तुझं ते बटण रोज कुणी खरंच दाबतं का?

"माझी आई दाबते," तो म्हणाला. "तीनशे चौदा दिवस झाले. एक दिवस खाडा नाही."

साहेब खिडकीकडे बघत राहिले. त्यांचे वडील एकटेच राहायचे, आणि साहेबांचं तिकडे जाणं वर्षातून एकदा व्हायचं. "त्यांच्यासाठी एक देशील?" त्यांनी हळूच विचारलं.

त्याने पेन खाली ठेवलं. आपण काय करतोय हे त्याला पुरतं कळत होतं. बायकोला काय सांगायचं ते कळत नव्हतं, तरी छातीवरचा धोंडा उतरला होता. नोकरीला नाही म्हणून तो बाहेर पडला, आणि रस्त्यातच ठरवून टाकलं की उद्याच्या पहिल्या गाडीने आईकडे जायचं. आधी आपण वाकायचं. पोटभर बोलणी खायची, आणि मग तिला सांगायचं की तुझ्या जिवावर ही कंपनी उभी आहे.

खोलीवर भागीदार एका उघड्या यंत्राशी झटत होता. बातमी ऐकून त्याने हातातलं काम खाली ठेवलं. त्याचे डोळे भरून आले. त्याने तोंड फिरवलं आणि उगाच संगणकाशी खुडबुड करू लागला. आता एकोणचाळिसावा ग्राहक येणार, तर आधी यादी साफसूफ करून घेऊ, असं तो म्हणाला.

"एक यंत्र अजून चाचणीवरच राहिलंय," तो म्हणाला. "बटण दाबा नाहीतर दाबू नका, सातला ठिपका आपोआप जातो."

"कुणाचं?"

"तुझ्या आईचं. त्या सुरुवातीला विसरायच्या ना, आणि आपण लोकांना यंत्र दाखवायला जायचो तेव्हा नेमकी तुझी घंटा वाजायची. तूच म्हणालास, दोन दिवसांपुरतं आपोआप कर. ते राहूनच गेलं."

भागीदाराने चाचणी बंद केली. पडद्यावर आता बटण खरोखर दाबलेल्या वेळा दिसू लागल्या. सहा वाजून दहा मिनिटं, सहा वाजून पाच, सव्वासहा. म्हातारी रोज दाबत होती, अगदी भांडणाच्या दुसऱ्या दिवशीही.

भागीदाराचं बोट यादीवरून खाली येत येत थांबलं. शेवटची वेळ गेल्या शनिवारची होती.