झारीखालची टोपी

तिसरी टोपीही शिटी वाजवू लागली. म्हणजे वाजत होतं तिच्या कानामागचं ऐकण्याचं यंत्र. कानावर जरा काही घट्ट बसलं, की ते किंचाळायचं. तिने टोपी काढून दुकानातल्या आजींकडे परत दिली, ती अशी ओशाळून, जणू दोष टोपीचा नव्हता, तिच्या डोक्याचाच होता.

नवरा कोपऱ्यात उभा होता. तो शिंपी. तोंडात टाचण्या धरून धरून ह्यांची जीभच आखडलीय, असं ती चारचौघांत सांगायची. त्याने घरी मेणकापडाची एक टोपी शिवून पाहिली होती. ती इमानेइतबारे प्रत्येक शिवणीतून गळली.

पण टोपी हवीच होती. ती आगारात मागे उभी राहून हाताच्या खुणांनी चालकांना बस मागे घ्यायला लावायची. एवढं धूड मागे यायचं, आणि चालक आरशात फक्त तिचा हात बघायचा. पावसात मात्र यंत्रं भिजू नयेत म्हणून काढून डबीत ठेवावी लागत. गेल्या आठवड्यात पाठीमागून आलेल्या दुसऱ्याच बसचा हॉर्न तिला ऐकू आला नाही. बस थांबली ती तिच्या पाठीपासून वीतभर अंतरावर. काहीतरी सोय करा, नाहीतर सोमवारपासून आत टेबलावर बसा, असं साहेबांनी सरळ सांगितलं. तेव्हापासून तिचं जेवणावरून मनच उडालं होतं.

आजींनी माळ्यावरून एक बेढब टोपी काढली. दोन्ही बाजूंना सैल, रुंद कानपट्ट्या. तिने घातली, मान इकडेतिकडे फिरवली. यंत्रं गप्प.

"आता मागे चला," आजी म्हणाल्या. पाण्याखाली पारखल्याशिवाय टोपी द्यायची नाही, हा त्यांच्या दुकानाचा रिवाज. मागच्या अंगणात त्यांनी तिला स्टुलावर बसवलं, यंत्रं कानातच ठेवायला लावली आणि बागेची झारी तिच्या डोक्यावर कलती केली.

पाणी टोपीवर ताडताड वाजू लागलं. ती ताठ बसली होती, भर पावसात आगारात उभी राहते तशी. ते बघून नवऱ्याची जीभ सुटली. पाऊस म्हणजे यंत्रं डबीत आणि डबी त्याच्या खिशात. छत्रीखाली तिच्या शेजारून चालताना तो वर्षानुवर्षं मनातलं सगळं असंच बोलून घ्यायचा. काय पुटपुटताय, असं तिने खुणेने विचारलं, की काही नाही म्हणून मान हलवायचा. आज डबी रिकामी आहे, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

"नुसता हात वर केला, की अख्खी बस जागच्या जागी," तो तिच्या पाठीकडे बघत म्हणाला. "आणि अशी बाई संध्याकाळी माझ्या घरी येते. मला अजून खरं वाटत नाही."

आजींचा हात थबकला. धार तुटली. आपण काय करून बसलो ते त्याला तेव्हा कळलं, आणि तो कानापर्यंत लाल झाला.

ती वळली नाही. टोपीच्या कडेवरून थेंब ओघळत होते, तोवर तशीच बसून राहिली. मग हळूच म्हणाली, "ओता ना, आजी. ह्यांचं बोलणं राहिलंय अजून."