दहावा रकाना

"दहावा शब्द सांग," नवरा म्हणाला. "दहा भरल्याशिवाय हे पुढे सरकत नाही."

थोरलीने सुई हातातल्या कोटातच टोचून ठेवली. तिच्या रफूच्या दुकानाची वेबसाइट नवऱ्यानेच बनवली होती, आणि आता त्याने एक सॉफ्टवेअर आणलं होतं. ते म्हणे ही वेबसाइट एका दमात दोनशे सर्च इंजिनांकडे नोंदवून टाकणार होतं. लोकांनी काय टाइप केलं की तुम्ही सापडायला हवं, असं विचारून त्याने खाली दहा रकाने दिले होते. रफू, कोट, शाल, कसर लागलेले कपडे, सिगारेटचं भोक, असं करत करत नऊ भरले होते.

"आधी सर्चमध्ये नुसतं रफू टाकून बघा, कोण येतंय ते."

नवऱ्याने टाकलं. पहिलीच आली ती धाकटी, तिची सख्खी बहीण. फोटोत गोड हसत होती आणि वर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, रफूताई.

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ताई कोण, हे अख्ख्या घराला ठाऊक होतं. चार भावंडांत ताई एकच, आणि ती ही. धाकटीला सुई धरायला हिने शिकवलं. शिवणीच्या आत दडलेला दोरा ओढून काढायचा आणि त्याच दोऱ्याने भोक विणायचं, म्हणजे रंगात फरक पडत नाही, ही युक्तीही हिचीच. धाकटी तीन वर्षं शेजारी बसून शिकली, मग दोन गल्ल्या पलीकडे तिने स्वतःचं दुकान थाटलं. गिऱ्हाइकांनी तिला रफूताई म्हणायला सुरुवात केली आणि बाईसाहेबांनी ते पाटीवरही चढवलं. इकडे खऱ्या ताईचा फोन गेल्या महिन्यात चारदा वाजला, त्यातले दोन राँग नंबर. हसू नका, ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

"रफूताई टाका," ती म्हणाली.

नवऱ्याने चष्मा कपाळावर सरकवला. "ते तिचं नाव आहे."

"ताई मी आहे."

"अगं, लोक शोधतील तिला आणि येतील तुझ्याकडे. बरं दिसतं का ते?"

"माझी विद्या उचलून नेली, ते बरं दिसलं का? टाका म्हणते ना."

नवऱ्याने उभा जन्म कचेरीत साहेब सांगेल ते टाइप केलं होतं. हेही केलं. एकदा पाठवलं की मागे घेता येणार नाही, पाठवू का, असं सॉफ्टवेअरने विचारलं, तेव्हा मात्र तो बायकोकडे बघत बसला. शेवटी तिनेच हात लांब करून बटण दाबलं. पडद्यावर दोनशे नावांची यादी उघडली आणि एकेका नावापुढे हिरवी खूण उमटत गेली. तिला इतकं बरं वाटलं, की कोटाची राहिलेली बाही तिने एका बैठकीत उरकली.

त्यानंतर रोज सकाळी दुकान उघडलं, की आधी नवऱ्याला रफूताई शोधायला लावायचं, हा तिचा नेम झाला. सुरुवातीला ही सतराव्या पानावर होती. मग नवव्या. मग चौथ्या. चौथ्या आठवड्यातल्या एका सकाळी ही सगळ्यांत वर होती आणि धाकटी खाली. अकराच्या सुमाराला फोन वाजला. तिच्या हातात सुई होती, म्हणून तिने तो स्पीकरवर घेतला.

"रफूताईच ना?" कुणी म्हातारे गृहस्थ होते.

थोरलीने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने पडद्यात तोंड घातलं.

"हो. बोला."

"मी तो वाद्यवृंदातला व्हायोलिनवाला. गेल्या हिवाळ्यात माझ्या काळ्या कोटाच्या खांद्याला तुम्ही रफू केलं होतं. अजून दिव्यासमोर धरून बघतो, पण कुठे होतं ते सापडत नाही. आता कोपर गेलंय."

काळ्या कापडावरचं रफू दिव्यासमोर सापडत नाही म्हणजे काय, हे तिला कुणी सांगायला नको होतं. तिला स्वतःला ते दहातून दोनदा जमायचं. तिच्या पोटात दुखलं, अगदी खरोखरचं.

"घेऊन या," ती म्हणाली आणि तिने पत्ता सांगितला.

"जागा बदलली वाटतं?"

"हो. दोन गल्ल्या अलीकडे आले."

"येतो संध्याकाळी. आणि हो, तुमच्या ताई कशा आहेत?"

"कोण?"

"तुमच्या थोरल्या बहीण हो. मी तुम्हाला म्हटलं होतं, तुमचा हात फार सुरेख आहे. तर तुम्ही म्हणालात, हा हात ताईचा, तिचं काम बघाल तर माझी पायरी चढणार नाही. मी पत्ता मागितला, तर म्हणालात, मी पाठवलं असं कळलं तर ती तुम्हाला दारातूनच परतवून लावेल. बोलतात का आता तुमच्याशी?"

नवऱ्याने मान वर केली. थोरलीने सुई कापडात टोचून ठेवली.

"नाही बोलत," ती म्हणाली. "जळते माझ्यावर."