शनिवारचा स्टो

रिबेकाबाई अंगणात येऊन उभ्या राहिल्या, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "वच्छला, स्टो विझलाय गं. मुलं चहाची वाट बघतायत."

एवढं बोलून त्या गप्प. लावून दे, असं काही म्हणेनात.

वच्छलाला त्याचं कारण ठाऊक होतं. वलगावच्या एका बंद पडलेल्या वसतिगृहात बाईंनी उन्हाळी शिबिर भरवलं होतं. ठाण्या-पेणकडची बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू मुलं. भांडणं मराठीत, प्रार्थना हिब्रूत. बाईंचे वडील बडनेऱ्याला रेल्वेत गार्ड होते. मुलांनी वऱ्हाडचं ऊन एकदा तरी खाऊन बघावं, हा बाईंचा हट्ट. वच्छला तिथं स्वयंपाकाला. मटणाची भांडी वेगळी, दुधाची वेगळी. तिला सासूबाईंचं सोवळं आठवायचं आणि हसू यायचं. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत सगळं शिजवून, चहाही करून, मोठा वातीचा स्टो मंद ठेवून ती घरी येई. तिथून शनिवार मावळेपर्यंत शब्बाथ. विस्तव पेटवायचा नाही, विझवायचा नाही, दुसऱ्याला तसं सांगायचंसुद्धा नाही.

"साप चावला तर?" शुलामिथ नावाच्या पोरीनं एकदा विचारलं होतं.

"तर गाडी काढायची, दिवे लावायचे, धावत सुटायचं," बाई म्हणाल्या होत्या. "जीव वाचवायला शब्बाथ मोडायचा. आणि मोडला म्हणून रडत बसायचं नाही."

वच्छलाचे हात पिठात होते. ती उठणार, तोच ओट्यावरून आवाज आला.

"काडी ओढाले माणूस नाही काय तुमच्याइथं?"

तिच्या पायावर परात पडता पडता राहिली. धामणगावची जिनिंग प्रेस बंद पडल्यापासून तिचे यजमान, पंजाबराव, असं अख्खं वाक्य बोलले नव्हते. गावोगावचं कापसाचं पीकच बुडालं, तर प्रेसमध्ये घालणार काय? तिथले इंजीनमिस्त्री ते. घरी आले आणि भिंतीसमोर बसले.

"माणसं आहेत हो," बाई म्हणाल्या. "पण आज कुणाचा हात चालत नाही."

पंजाबरावांनी चपला घातल्या.

वच्छला पाठमोऱ्या त्यांच्याकडे बघत राहिली. वीतभर वावर नसलेल्या तिच्या घरात, ट्रंकेमागं, तिला फवाऱ्याच्या औषधाची बाटली सापडली होती. विचारायची छाती झाली नाही. फेकावी तर कुठं? नाल्यात गुरं पाणी पितात, उकिरड्यावर पोरं खेळतात. म्हणून ती पिशवीत घालून जिथं जाईल तिथं नेई. बाटली तिच्याजवळ होती. ती आणणारं मन मात्र घरी, भिंतीसमोर.

शिबिरात पिशवी खिळ्याला टांगलेली असे. बाईंनी एकदा आत डोकावून ती काढली, घरी कोण असतं ते विचारलं आणि वरच्या फळीवर ठेवली. "तोंड उघडं राहतं गं. मुलांचे हात लागतात," म्हणाल्या, आणि वरणात मीठ कमी आहे तेही सांगितलं.

पंजाबराव परतले ते काजळी माखून.

"वातीच सड्या हायेत," ते पाणी मागत म्हणाले. "आखूड धाग्याचा कापूस. विझल नाही तं काय होईल?"

त्या आठवड्यात त्यांनी कुठून तरी लांब धाग्याचा कापूस आणला आणि स्वतः वाती वळल्या. शनिवारी स्टो पुन्हा विझला.

"अख्खी प्रेस चालवली तुमी," वच्छला म्हणाली, "अन् स्टोनं हरवलं!"

"हासू नको. कुठून तरी वारा येऊन राहिला."

मग त्यांनी पत्र्याचा आडोसा ठोकला, रॉकेल फडक्यानं गाळलं. तरी शनिवार उजाडला की बाई अंगणात हजर. "पंजाबराव, चहा गार आहे हो."

मुलांना ही एक गंमतच झाली. रूबेन नावाचा दांडगट पोरगा फाटकातूनच ओरडे, "मामा, तुमचा स्टो पास का नापास?"

"नापास, भाच्या. तुह्यावरच गेला."

स्टोच्या निमित्तानं ते अधल्यामधल्या दिवशीही जाऊ लागले. झोका बांधून दिला. विहिरीत पोरं पोहायची तेव्हा काठावर उभं राहून शिव्या घातल्या. आंघोळ करताना आलेफ, बेथ अशी हिब्रू मुळाक्षरं म्हणू लागले. आणि घोरू लागले. वच्छला ते घोरणं असं ऐकायची, जसं कुणी दारात येऊन भजन म्हणावं.

एका दुपारी तिनं धीर करून बाटली त्यांच्यापुढं ठेवली. "हे कुठं फेकू, सांगा."

त्यांनी बाटली उचलली. मग कुदळ घेतली आणि बाभळीखाली, गुराढोरांच्या वाटेपासून दूर, कमरेइतका खड्डा खणला. माती लोटून वर धोंडा ठेवला.

"स्टोचं काहीतरी करा लागते," परत येताना एवढंच बोलले.

शेवटचा शनिवार आला. दुसऱ्या दिवशी मलिदा व्हायचा होता. गूळ-खोबरं घातलेले पोहे वाटून देवाचे आभार मानायचे आणि मुलांनी गाडीला लागायचं.

"तू झुंजूमुंजूलेच जाय," पंजाबराव म्हणाले. "खिडकीआड उभी राह्य. वारा येते कुठून, ते पाह्य. माह्या जिवाले घोर लावला या स्टोनं."

वच्छलाला तो जिवाचा घोर त्यांच्या तोंडून इतका गोड लागला, की ती चहासुद्धा न घेता निघाली.

स्वयंपाकघराच्या जाळीपलीकडं ती उभी राहिली. लिंबाचं पान हलत नव्हतं. आत, आडोशामागं, पंजाबरावांनी वळलेल्या वाती निळ्याशार, एकसारख्या जळत होत्या.

रिबेकाबाई आल्या. दाराच्या चौकटीवरच्या मेझुझाच्या, धर्मवचनाची गुंडाळी ठेवलेल्या, डबीला त्यांनी बोटं लावली, बोटांचं चुंबन घेतलं. डोळे मिटून पश्चिमेकडं तोंड करून काहीतरी पुटपुटल्या. मग आडोसा अलगद बाजूला सारला, वाती खाली केल्या आणि वाकून फुंकर मारली.